बॅरिस्टर नाथ पै : राजापूरचे खासदार

संसद शिकवताना मुलं हमखास विचारतात, सरकारमध्ये नसलेला खासदार काय करू शकतो? मी तेव्हा नाथ पैंचं नाव घेते.

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. १९४२च्या चळवळीत तुरुंगवास झाला. पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. वकिली करून आरामात राहता आलं असतं, पण ते प्रजा समाजवादी पक्षाचं काम करू लागले. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तिन्ही निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. (तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळा रत्नागिरीच!) पक्ष छोटा, पण नाथ पै बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकायचं.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या. नाथ पैंना हे पटलं नाही. जमीन सुधारणेसारखे कायदे अडतील, आणि लोकांनी निवडलेल्या संसदेचे हात बांधले जातील, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्याच वर्षी संसदेचा अधिकार परत देणारं खाजगी विधेयक मांडलं. खाजगी म्हणजे घरगुती नव्हे बरं का, मंत्री नसलेल्या सदस्याचं! ते संयुक्त समितीकडे गेलं, खूप चर्चा झाली. उद्या एखादं सरकार हक्कच काढून घेईल, ही विरोधकांची भीती होती. मला ती भीतीही खोटी वाटत नाही. वर्गात दोन्ही बाजू मांडाव्यात, मुलं छान भांडतात.

विधेयक मंजूर झालं नाही. हृदयविकार होता, तरी दौरे थांबले नाहीत. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून संसदेला तो अधिकार दिला. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात ती टिकली, मात्र घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही, ही अट न्यायालयाने घातली. राजापूरने नाथ पैंच्या जागी मधु दंडवतेंना निवडून दिलं.