मार्कोनीसाहेब आणि आखूड लहरी

वेळणेश्वरच्या पुळणीवर उभ्या मनुष्यास सुमारे ५ किलोमीटरांपलीकडील समुद्रपृष्ठ दिसत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. विनतारी लहर प्रकाशाप्रमाणे सरळ जाणारी. मग ती महासागर कशी ओलांडील, अशी शंका गुल्येल्मो मार्कोनी यांच्या काळी विद्वानांस होती. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देतो.

त्यांचा जन्म इटलीतील बोलोन्या नगरी २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. आई आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. इंग्लंडातील पोल्ढू येथून पाठविलेले तीन टिंबांचे अक्षर आपण न्यूफाउंडलंड बेटावर, सुमारे ३,५०० किलोमीटरांवर, १२ डिसेंबर १९०१ रोजी ऐकले, असे त्यांनी जाहीर केले. ऐकणारे ते व त्यांचा एक सहायक, एवढेच. म्हणून त्याविषयी आजही संशय घेतला जातो, व तो आम्हास गैरवाजवी वाटत नाही. पुढील वर्षी मात्र जहाजावर त्यांनी संदेश कागदावर उमटवून घेतले. रात्री ते दिवसाच्या दुपटीहून अधिक दूर पोहोचले.

लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असे मानून पुढे सुमारे वीस वर्षे त्यांनी प्रचंड मनोरे उभारले. आखूड लहरी निरुपयोगी समजून हौशी लोकांस सोडून दिल्या होत्या! परंतु १९२३ साली आपल्या ‘एलेत्रा’ नौकेतून केप व्हर्द बेटांकडे जाताना त्यांस असे आढळले की, पोल्ढूच्या ९७ मीटरांच्या लहरी अल्प शक्तीवरही रात्री उत्तम ऐकू येतात.

याचे कारण आकाशात आहे. सुमारे १०० ते ३०० किलोमीटर उंचीवरील विरळ हवा सूर्यकिरणांनी विद्युत्भारित होते. आखूड लहर तेथून वळून खाली येते, समुद्राचे खारे पाणी तिला पुन्हा वर फेकते. चपटी खापरी पाण्यावर तिरपी भिरकावली असता ती टप्पे घेते, तसेच हे. मधल्या पट्ट्यात जवळचे जहाज बहिरे राहते आणि दूरचे बंदर ऐकते. तथापि लाटांच्या व त्या थराच्या उंचसखलपणामुळे काही अंश विखुरतो, आणि त्या मूक पट्ट्यातही क्षीण, थरथरता आवाज कधीकधी येतो.

याच लहरींवर १९२७ साली पुण्याजवळील खडकी येथून इंग्लंडास संदेश जाऊ लागले. तिकडचे संदेश दौंड येथे घेतले जात. समुद्रतळाच्या तारांचा धंदा इतका खालावला की, १९२९ साली तारवाले व विनतारीवाले यांस एकत्र यावे लागले.

मार्कोनी मुसोलिनीच्या पक्षात गेले, हेही सांगणे प्राप्त आहे. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे ते वारले, तेव्हा ब्रिटनमधील विनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक ठेवण्यात आली.