अनाथोथचा यिर्मया

यरुशलेमच्या ईशान्येस, पायी तास-दीड तासाच्या वाटेवर, अनाथोथ नावाचे याजकांचे खेडे होते. शलमोन राजाने अब्याथार याजकाला पदावरून काढून तेथेच धाडले होते. त्या गावी हिल्कीया याजकाच्या घरी यिर्मया जन्मला. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ६२७ च्या सुमारास, त्याला परमेश्वराचे पाचारण झाले. आपण अजून लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, असे त्याने सांगून पाहिले. पण ते चालले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना त्याचे पुस्तक जड जाते, यात नवल नाही. ५२ अध्यायांत जिकडेतिकडे तलवार, दुष्काळ, मरी आणि कोप. मग आपण कुंभाराचे घर तेवढे शिकवतो व पुढे सरकतो. कोणी तर हे अध्याय मुलांना धाक घालण्यासाठी वापरतात, आणि एखाद्या घरात आजारपण आले की देव त्या घरावर कोपला असे खुशाल बोलून मोकळे होतात. म्हणून देवाचा हा कोप नेमका कशावर होता, आणि तो ज्याला सांगावा लागला त्याचे काय झाले, हे पाहिले पाहिजे.

इब्री भाषेत नाक आणि राग या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीतही राग नाकावरच असतो, तेव्हा आपल्याला हे समजायला कठीण नाही. देवाविषयी मात्र इब्री शास्त्र म्हणते की तो लांब नाकाचा आहे, म्हणजे त्याला राग चढायला फार वेळ लागतो. आपल्या मराठी शास्त्रात त्याला मंदक्रोध असा सुरेख शब्द योजला आहे. गंमत अशी की यिर्मयाची तक्रार नेमकी याच मंदपणाविषयी होती. देव शत्रूंना सहन करीत बसेल आणि तेवढ्यात आपलाच जीव जाईल, असे भय त्याने १५ व्या अध्यायात बोलून दाखवले आहे.

योशीया इ. स. पूर्व ६०९ मध्ये मगिद्दो येथे मारला गेला आणि थोड्याच दिवसांत यहोयाकीम गादीवर आला. त्याने गंधसरूच्या तक्तपोशीचा, हिंगुळाने रंगवलेला मोठा महाल बांधला आणि मजुरांची मजुरी बुडवली. यिर्मयाने राजाला तोंडावर त्याच्या बापाची आठवण दिली: योशीयाही खाऊनपिऊन सुखी होता, पण त्याने गरिबांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणे म्हणजे हेच. पुस्तकातील कोपाची कारणे एकेक करून काढली तर मूर्तिपूजेच्या जोडीला हीच सापडतात: पोरके, विधवा, परदेशी, बुडवलेली मजुरी, हिन्नोमाच्या खोऱ्यात अग्नीत दिलेली लेकरे. हे पाहूनही ज्याला राग येत नाही, त्या देवाला प्रेमळ कसे म्हणावे?

मंदिराच्या दारात उभे राहून, हे मंदिर शिलोसारखे ओसाड होईल, असे त्याने सांगितले तेव्हा याजकांनी त्याच्या मरणाची मागणी केली. त्या वेळी काही वडील माणसे उठली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखा संदेष्ट्यानेही असेच सांगितले होते, हिज्कीया राजाने देवाची विनवणी केली आणि आलेले अरिष्ट टळले, याची त्यांनी आठवण दिली. शाफानाचा मुलगा अहीकाम याने यिर्मयाला वाचवले; पण तेच बोलणाऱ्या उरीयाला राजाने मिसर देशातून धरून आणून ठार केले.

वडिलांनी बरोबर ताडले होते. संदेष्ट्याने सांगितलेला न्याय म्हणजे कपाळी लिहिलेले भविष्य नव्हे. इ. स. पूर्व ६०५ मध्ये यिर्मयाने आपली सारी वचने बारूखाकडून गुंडाळीत लिहवून घेतली, तीही लोक ऐकतील, वळतील आणि त्यांना क्षमा करता येईल या आशेने. पुढल्या हिवाळ्यात ती राजापुढे वाचली गेली. समोर शेगडी पेटली होती. तीन-चार स्तंभ वाचून होताच राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. जाळू नका म्हणून विनवणाऱ्या तिघांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. शाफानाचा मुलगा गमऱ्या असे नाव असलेली मातीची मोहोर १९८० नंतरच्या उत्खननात यरुशलेमेतच मिळाली आहे. बारूखाने मग दुसरी गुंडाळी लिहिली, आणि तीत अधिक मजकूर घातला.

यिर्मयाला लग्न करण्यास मनाई होती. अनाथोथकरांनी त्याच्या जिवावर घाला घालण्याचा बेत केला. पशहूर याजकाने त्याला मारून रात्रभर खोड्यात घातले. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि शत्रूंच्या मुलाबाळांवर उपासमार यावी अशीही प्रार्थना केली. ती आपण झाकू नये. पण हाच माणूस आपल्या लोकांसाठी रात्रंदिवस रडला. या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस असे देवाने त्याला तीनदा बजावले, तरी त्याने केलीच. प्रार्थनेने काही होणार नसते तर ती मना करण्याचे कारणच काय होते?

इ. स. पूर्व ५८८ मध्ये बाबेलचा शेवटचा वेढा पडला. लाखीश आणि अजेका एवढीच तटबंदीची नगरे उरली होती असे यिर्मयाचे पुस्तक सांगते. १९३५ साली लाखीशच्या वेशीत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली, त्यांतल्या एकात अजेकाच्या खुणा आता दिसत नाहीत असे आहे. वेढा पडताच यरुशलेमच्या धन्यांनी इब्री दासदासींना करार करून मुक्त केले. मिसरी सैन्य येते असे ऐकून खास्दी थोडे मागे हटले, तशी त्यांनी तीच माणसे पुन्हा दास करून घेतली. यावर आलेला कोप ३४ व्या अध्यायात आहे. शिक्षकांनी तो मुलांना अवश्य वाचून दाखवावा.

शरण जा म्हणतो म्हणून सरदारांनी यिर्मयाला पाणी नसलेल्या, चिखलाने भरलेल्या हौदात सोडले. एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने राजाची परवानगी काढली आणि दोर काचू नयेत म्हणून बगलेत धरायला जुन्या चिंध्या खाली टाकल्या. चौकीत कैद असतानाच यिर्मयाने चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले. खरेदीखतावर साक्षी घातल्या, मोहोर केली आणि ते मातीच्या मडक्यात ठेवविले. शेत शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात होते.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास (काहींच्या मते ५८७) नगर पडले, मंदिर जळाले. इतकी वर्षे जे सांगितले ते खरे ठरले, पण त्याने कोठे समाधान दाखवले नाही. बाबेलात मानाने राहण्याची मुभा असूनही तो उरलेल्या गरिबांबरोबर मिस्पा येथे राहिला. गदल्या सुभेदाराचा खून झाल्यावर घाबरलेले लोक मिसरात निघाले, आणि जाऊ नका म्हणणाऱ्या यिर्मयाला व बारूखाला बरोबर घेऊन गेले. तेथे स्त्रियांनी त्याला रोखठोक सांगितले की आकाशराणीला धूप जाळणे बंद केल्यापासूनच आपली दुर्दशा झाली. तेव्हाही तो त्यांना समजावीतच होता. त्याचे मरण शास्त्रात लिहिलेले नाही. मिसरातच त्याच्याच लोकांनी त्याला दगडमार केला, अशी पुढची परंपरा आहे.