हंसा मेहता

हंसा जीवराज मेहता (जन्म : सुरत, ३ जुलै १८९७, मृत्यू : ४ एप्रिल १९९५) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, शिक्षणतज्ज्ञ, लेखिका व संविधान सभेच्या सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील शब्दरचना स्त्री-पुरुष दोघांनाही सामावून घेणारी झाली, याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील मनुभाई मेहता हे बडोदा संस्थानाचे दिवाण, तर आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील आद्य कादंबरीकार होते. बडोद्यात तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी मिळविल्यावर हंसाबेन इंग्लंडला गेल्या. तेथे सरोजिनी नायडूंच्या सहवासात त्यांचा स्त्रियांच्या चळवळीशी परिचय झाला. नागर ब्राह्मण ज्ञातीचा विरोध पत्करून त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. डॉ. मेहता पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

मुंबईतील कार्य

१९३० च्या सविनय कायदेभंगात हंसाबेन यांनी मुंबईत देशसेविका संघाच्या स्त्रियांसह विदेशी कापड व दारूच्या दुकानांवर निदर्शने केली आणि कारावास भोगला. १९३७ मध्ये मुंबई विधान परिषदेची निवडणूक त्यांनी राखीव जागा नाकारून सर्वसाधारण जागेवरून लढविली व जिंकली. स्त्रियांना सवलत नको, समान हक्क हवेत, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. १९४५-४६ मध्ये त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. या काळात परिषदेने स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार केली. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले.

मानवी हक्क आयोग

१९४७-४८ मध्ये आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांच्याखेरीज हंसा मेहता या एकमेव महिला प्रतिनिधी होत्या. मसुद्यात माणसांसाठी पुरुषवाचक इंग्रजी शब्द योजला होता. त्या शब्दात स्त्रियाही येतातच, असे रूझवेल्ट यांचे मत होते. मात्र काही देश त्याचा शब्दशः अर्थ लावून स्त्रियांना हक्क नाकारतील, अशी हंसाबेन यांना भीती वाटत होती. अखेर सर्व मानवांचा उल्लेख करणारी रचना स्वीकारली गेली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने जाहीरनामा संमत केला.

केवळ घोषणेवर त्यांचे समाधान नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हा येथे हक्कांच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या कार्यगटाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्या गटात आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयाच्या कल्पनेचाही विचार झाला. परंतु महासत्तांचा त्यास पाठिंबा मिळाला नाही. हक्कांना कायद्याचे बंधन देणारे दोन आंतरराष्ट्रीय करार संमत होण्यास १९६६ साल उजाडले.

संविधान सभा

संविधान सभेतही त्यांची भूमिका अशीच होती. समान नागरी कायद्याची तरतूद न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाही अशा तत्त्वांत टाकण्यास त्यांनी, राजकुमारी अमृत कौर व मिनू मसानी यांनी लेखी असहमती नोंदविली. ती मान्य झाली नाही. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने त्यांनी सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला.

उत्तरायुष्य

१९४९ ते १९५८ या काळात त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू मानल्या जातात. त्यांनी गुजरातीत बालसाहित्य लिहिले, तसेच शेक्सपिअरच्या नाटकांचे व गलिव्हरच्या प्रवासकथेचे अनुवाद केले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविण्यात आले. बडोदा विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.