कै. दादासाहेब फाळके

शाळेच्या वार्षिकाकरितां फोटो काढण्याचा दिवस आला म्हणजे आमचीं मुलें कशीं उभीं राहतात, हें नागभीडच्या पालकांस ठाऊकच आहे. एरव्हीं पटांगण दणाणून सोडणारा मुलगा कॅमेऱ्यापुढें लांकडासारखा ताठ होतो. हा ताठपणा घालवून माणसाचा स्वाभाविक चेहरा टिपण्यासाठीं ज्यांनीं आपलें सारें घरच कामास लाविलें, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों. चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु ते प्रथम फोटोग्राफर होते, हें पुष्कळांच्या ध्यानीं राहात नाहीं.

त्यांचा जन्म ता. 30 एप्रिल 1870 रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील संस्कृतचे विद्वान्. त्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत जागा मिळाल्यामुळें कुटुंब मुंबईस गेलें. धुंडिराज 1885 सालीं जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. नंतर गोध्रा येथें त्यांनीं फोटोचा धंदा मांडला. परंतु प्लेगच्या सांथींत पत्नी व मूल दोघेंहि गेलीं, आणि त्यांनीं तें गांव सोडलें. बडोद्यास पुनः दुकान थाटलें, तर कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो व आयुष्य कमी करतो अशी समजूत लोकांत पसरलेली! जो जिवाच्या भीतीनें खुर्चीवर बसला, त्याच्या मुखावर प्रसन्नता कोठून येणार? धंदा चालला नाहीं.

पुढें पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, ती सोडून छापखाना, रंगीत छपाईच्या शिक्षणासाठीं 1909 सालीं जर्मनीचा प्रवास, आणि शेवटीं छापखान्याशींहि फारकत, अशीं वर्षें गेलीं. 1911 सालीं ईस्टरच्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. आपल्या पुराणांतील पुरुष असे पडद्यावर कां चालूं-बोलूं नयेत, या एकाच विचारानें त्यांस घेरलें. रात्रंदिवस चित्रपट पाहून व ग्रंथ वाचून त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. वैद्यकीय उपचारांनीं ती परत आली. विम्यावर कर्ज काढून 1912 च्या आरंभीं ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

पैसा देणारांस विश्वास वाटावा म्हणून त्यांनीं प्रथम वाटाण्याच्या रोपाचें चित्र घेतलें. महिन्याहून अधिक काळ धीर धरून टिपलेली वाढ मिनिटभरांत पडद्यावर दिसली, तेव्हां सावकार वळला. तरीहि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. ही माउली अंधाऱ्या खोलींत बसून फिल्मच्या कडेला भोंकें पाडी; चित्रण चालूं असतां नटांच्या तोंडावर उजेड परतावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उन्हांत उभी राही, आणि मंडळींचा स्वयंपाकहि करी. त्यांच्या वाट्याचा मान त्यांस फार उशिरां मिळाला, असें आम्हांस वाटतें.

स्त्रियांची कामें करण्यास स्त्रिया मिळेनात. तेव्हां एका उपाहारगृहांतील साळुंके नांवाच्या आचाऱ्यास त्यांनीं तारामती केलें. रोहिदासाचें काम स्वतःचा मुलगा भालचंद्र यास दिलें. चित्रण चालूं असतां मुलगा दगडावर पडून बेशुद्ध झाला. प्रसंग मृत रोहिदासाचाच होता, म्हणून वडिलांनीं प्रथमोपचार करून त्याच स्थितींत तो प्रसंग पुरा केला असें सांगतात. कलेची ही निष्ठा खरी. परंतु मुलांचे आईबाप असलेल्या वाचकांचें मन येथें कचरल्याखेरीज राहणार नाहीं. ता. 3 मे 1913 रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला.

1917 च्या ‘लंकादहना’त त्याच साळुंक्यांनीं राम व सीता हीं दोन्हीं कामें केलीं. 1919 च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची सुमारें सात वर्षांची कन्या मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या आरंभीं कृष्णाचा वेष नसलेली ही मुलगी निरनिराळे मुखभाव दाखविते. चेहरा जवळून घेतलेला आहे. पाठीमागें राजवाडा नाहीं कीं नदी नाहीं. ती अगदीं निःसंकोच दिसते. हा भाग सुदैवानें आजहि उपलब्ध आहे.

बोलपट आल्यावर दादासाहेबांचा काळ मागें पडला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ता. 16 फेब्रुवारी 1944 रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें.