चार्ल्स ब्रॅडलॉ आणि ‘ईश्वर’ या शब्दाचा अर्थ

इंग्लंडातील प्रख्यात निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनमधील हॉक्स्टन भागात एका कारकुनाच्या घरी झाला. बालपणी ते रविवारच्या शाळेत मुलांना धर्मपाठ देत असत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बिशप येणार म्हणून त्यांना अभ्यास सांगण्यात आला, तेव्हा चर्चचे एकोणचाळीस धर्मनियम व शुभवर्तमाने ताडून पाहता त्यांना मेळ बसेना. शंका त्यांनी उपाध्यायास लिहून कळविली. समाधान करण्याऐवजी त्या उपाध्यायाने नास्तिक्याचा ठपका ठेवून त्यांना अध्यापनातून दूर केले. लवकरच घरही सुटले. वस्तुतः त्या काळी ते ईश्वर मानीतच होते! जिज्ञासेस नास्तिक्य म्हणण्याची घाई अशी घात करते.

पुढे ते खरोखर निरीश्वरवादी झाले. परंतु ‘ईश्वर नाही’ असे सरसकट विधान त्यांनी केले नाही. ज्या शब्दाचा निश्चित अर्थ सांगितला जात नाही, त्याचे मंडन होत नाही तसे खंडनही होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र विश्वाच्या सत्तेहून भिन्न अशी दुसरी सत्ता, असा ईश्वराचा अर्थ केल्यास तो ते स्पष्ट नाकारीत; कारण त्यांच्या मते सत्ता एकच. सर्वज्ञांनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न निरूपिले असल्याने महानुभाव मताशी त्यांचा खरा विरोध येथे आहे, केवळ नास्तिक या नावात नाही. लोक ज्यास देव म्हणतात त्या देवतेस परमेश्वर न मानणाऱ्या साधकास, आधी अर्थ ठरवा, हा त्यांचा आग्रह परका वाटू नये.

१८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटात पाठविले. ईश्वरसाक्ष शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी ही त्यांची मागणी अमान्य झाली. मग शपथ घेऊ म्हणताच, नास्तिकाची शपथ कसली, म्हणून तीही नाकारली गेली. त्यांना घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडण्यात आले. मतदारांनी मात्र त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले. अखेर १८८६ मध्ये स्थान मिळाले, व १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा पर्याय देणारा कायदा त्यांच्याच प्रयत्नाने झाला. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते आले, तेव्हा त्यांचा गौरव करणारे बहुतेक आस्तिकच होते.

१८८० मधील बहिष्काराचा ठराव सभागृहाने २७ जानेवारी १८९१ रोजी आपल्या दप्तरातून काढून टाकला. त्या वेळी ब्रॅडलॉ मृत्युशय्येवर होते. ३० जानेवारीस त्यांचे निधन झाले, आणि ते वृत्त त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही.