सातारच्या नळापासून रोहिणीच्या काठापर्यंत : पाण्याच्या वाटेने बाबासाहेबांचे जीवन

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे त्वरिता देवीच्या मंदिरामुळे सर्वांना ठाऊक असलेले गाव. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि पैठणचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातो. तरीही बीड म्हटले की डोळ्यासमोर येतो तो दुष्काळ, टँकर आणि ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे. पाणी कमी पडले की ते आधी कोणाच्या दारी येते आणि शेवटी कोणाच्या, हे गावागावांतल्या आपल्या वस्त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

तलवाड्यासारख्या गावात अस्पृश्य माणसाला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क कायद्याने कधी मिळाला? आपल्यापैकी बहुतेक तरुण चटकन १९२७ साल सांगतील. पण महाडचा सत्याग्रह मुंबई इलाख्यात झाला. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव किंवा मुंबई हायकोर्टाचा निकाल संस्थानाची हद्द ओलांडून इथे लागू होत नव्हता. तलवाड्याच्या विहिरीपर्यंत हा हक्क मूलभूत हक्क म्हणून पोहोचला तो २६ जानेवारी १९५० रोजी, संविधानाबरोबर. तो तिथपर्यंत कसा आला, हे समजून घ्यायचे तर बाबासाहेबांचे जीवन पाण्याच्या वाटेने पाहावे लागते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव रामजी सुभेदारांच्या निवृत्तीनंतर आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला वाढले. साताऱ्याच्या शाळेत त्यांची बसण्याची जागा वेगळी होती आणि बसायला घरून आणलेले गोणपाट होते. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की त्या दिवशी पाणी नाही. पाणी समोर आहे, नळ समोर आहे, पण नळाची चावी दुसऱ्याच्या हातात आहे, ही गोष्ट त्या मुलाला पाटीवरच्या अक्षरांइतक्याच लवकर कळली.

१९०१ च्या उन्हाळ्यात यापेक्षा मोठा धडा मिळाला. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. काम होते दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी सरकारने काढलेला तलाव खोदण्याचे. वडिलांना भेटायला भीमराव आणि घरची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घरून पाठवलेले पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला. दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी ठरली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. विटाळ नको म्हणून गाडीवान बाजूने चालत राहिला. शिदोरी भरलेली होती, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी चिखलाचे आणि शेणामुताचे. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. पाण्याविना घास उतरेना, म्हणून भरली शिदोरी जवळ असूनही ती मुले उपाशी झोपली. बाप लोकांसाठी तलाव खोदून घेत होता आणि त्याची लेकरे त्याच वाटेवर घोटभर पाण्याला मोताद झाली होती.

पुढे मुंबई, कोलंबिया विद्यापीठ, बडोद्याची नोकरी आणि लंडनचे शिक्षण झाले. पदव्या वाढल्या तरी पाणवठ्यावरची बंदी जागच्या जागी होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर सगळे झाले. पण तळ्यावर एकही अस्पृश्य पाण्याला जाऊ शकला नाही, कारण गावाची दहशत कागदाला भीत नव्हती.

ही कोंडी फोडण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशा कार्यकर्त्यांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद घडवून आणली. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, कारण जमलेल्या अस्पृश्यांना गावात पाणी मिळणार नव्हते. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून माथी भडकवण्यात आली होती. नंतर शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करण्यात आले. गुराने पाणी प्याले तर चालते आणि माणसाने प्याले तर तळे बाटते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला दिसले.

आंदोलनाच्या या दोन दिवसांच्या पुढचे दहा वर्षांचे काम मात्र आपल्या बोलण्यात क्वचित येते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा विरोधकांनी तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा कोर्टात लावला आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तळ्यावर जाणे थांबवले, पण २५ डिसेंबरला त्याच महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. मग सुरू झाली कोर्टातली लढाई. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने, १९३३ मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळे बंद ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. एक ओंजळ पाणी पिण्याचा हक्क कोर्टात टिकवायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत बाबासाहेबांनी गोलमेज परिषदा केल्या, पुणे करार झाला, स्वतंत्र मजूर पक्ष काढला, पण चवदार तळ्याची फाईल बाजूला ठेवली नाही.

याच काळात मराठवाड्यातले पाणीही त्यांच्या वाट्याला आले. १९३४ मध्ये सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी सगळे थांबले. दरवाजाबाहेरच्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली. तेवढ्यात एक वयस्कर मुसलमान गृहस्थ ओरडत आले की अस्पृश्यांनी हौद बाटवला. लोक जमले, हमरीतुमरी झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आतल्या पाण्याला हात लावायचा नाही आणि सोबत हत्यारबंद शिपाई राहील, या अटीवर. विलायतेच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला हा माणूस निजामाच्या राज्यात हौदाला हात लावायच्या लायकीचा नव्हता. विटाळ हिंदूंच्या घरात जन्मला तरी तो शेजारच्या घरातही राहायला गेलेला आहे, हे त्यांनी तिथे पाहिले.

मराठवाड्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेला ते आले. १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग परिषद झाली. संस्थानात नागरी हक्कांची वानवा असताना निजामी मुलखातले आपले लोक या परिषदांतून संघटित झाले. पुढे जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादला सुरू झाले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतली किती मुले नागसेनवनात शिकून उभी राहिली, हे आपल्या घरोघरी माहीत आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे आले. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर एकेका बंधाऱ्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा सगळे खोरे एक धरून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांची योजना करावी, हा विचार त्यांच्या खात्याने पुढे रेटला. दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या योजनांवर काम झाले. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला, ज्याची परंपरा आजच्या केंद्रीय जल आयोगात चालू आहे. साताऱ्याच्या शाळेत नळाला हात लावू न दिलेला मुलगा देशाच्या नद्यांचा हिशेब मांडत होता. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे फक्त शिवाशिवीचा प्रश्न नव्हता. पाणी कोणाच्या मालकीचे, ते कोणाच्या शेताला जाते आणि भूमिहीन माणसाच्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न होता.

मग आले संविधान. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि २६ जानेवारी १९५० पासून तिथेही संविधान लागू झाले. कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या पाणवठ्यावर जातीच्या कारणाने कोणालाही अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता अपराध कायदा झाला, तोच पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. आज त्याच्या जोडीला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या मागे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी वेगळे दिले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र निघून गेला, ही कथा त्यांना पटली नाही. त्यांनी पुढे ठेवला तो रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य आणि कोलिय या दोन्हीकडचे सेवक त्या पाण्यावरून भांडत होते आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, दोन्ही बाजूंच्या पंचांकडून निवाडा करण्याचा मार्ग सुचवला, बहुमत विरोधात गेल्यावर शिक्षा स्वीकारून परिव्राजक झाला. म्हणजे आपल्या धम्माच्या मुळाशीच पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न आहे.

आज विहिरीची जागा नळयोजनेने घेतली आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. भेदभावही रूप बदलतो. टाकी कोणत्या आळीत बांधली, पाइपलाइन कुठे संपली, व्हॉल्व्ह कोण सोडतो, टँकर आधी कुठे रिकामा होतो, यात तो लपतो. शिपायाच्या हातातली चावी अशीच असते. म्हणून तलवाड्यापासून प्रत्येक गावातल्या तरुणांनी १४ एप्रिलच्या मिरवणुकीइतकीच तयारी ग्रामसभेसाठी करावी. आपल्या वस्तीत पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते, याची वही ठेवावी. पाणीपुरवठा समितीत आपली माणसे, विशेषतः हंडा वाहणाऱ्या आपल्या माता-भगिनी, आहेत की नाहीत ते पाहावे. अडवणूक झाली तर लेखी तक्रार द्यावी आणि तिचा पाठपुरावा सोडू नये. एका तळ्यासाठी बाबासाहेबांनी दहा वर्षे कोर्टाची पायरी झिजवली. आपल्याला निदान ग्रामपंचायतीची पायरी तरी चढता आली पाहिजे.

जयभीम, नमो बुद्धाय!