कल्याण कोणाच्या हाताने?

एखाद्या समाजाचे कल्याण करावयाचे ठरले, की पहिला प्रश्न निघतो तो निधीचा. तो निधी कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न सहसा निघतच नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी मातांच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्नच निर्णायक होता. तो आयुष्यभर लावून धरणाऱ्यांत पर्ल गिब्ज यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १९०१ साली सिडनीजवळच्या ला पेरूज येथे झाला. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले तेही त्याच वर्षी. या नव्या राष्ट्राने १९१२ मध्ये बाळंतपणासाठी पाच पौंडांचा भत्ता सुरू केला. आदिवासी मातांना मात्र कायद्यानेच त्यातून वगळले. न्यू साउथ वेल्स राज्यात तर १९१५ च्या दुरुस्तीने आदिवासी संरक्षण मंडळाला न्यायालयाची पायरी न चढता आईपासून मूल काढून घेण्याचा अधिकार मिळाला. अशा मुलींना गोऱ्यांच्या घरी कामाला ठेवीत. त्यांच्या वेतनाचा मोठा भाग मंडळाकडे जमा होई आणि अनेकींना तो कधीच मिळाला नाही.

१९१७ साली स्वतः घरकामासाठी सिडनीत आलेल्या पर्लना या मुली भेटल्या. त्यांची गाऱ्हाणी मंडळापुढे मांडण्यास साहाय्य करणे, हा बाईंच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ होय. २६ जानेवारी १९३८ रोजी गोऱ्यांच्या वसाहतीचा दीडशेवा वर्धापनदिन साजरा होत असता सिडनीतच आदिवासींनी शोकदिन पाळला. त्याच्या संघटकांत त्या होत्या. १९४१ मध्ये त्यांनी आकाशवाणीवरून आपल्या समाजाची बाजू थेट गोऱ्या श्रोत्यांपुढे मांडली.

त्याच वर्षी केंद्र सरकारने बालभत्ता सुरू केला. भटक्या किंवा सरकारी आधारावर जगणाऱ्या आदिवासींना त्यातून वगळण्यात आले. पुढे तो अनेक वसाहतींना लागू झाला तेव्हाही पैसा बहुधा मातेऐवजी व्यवस्थापनाकडे जाई. रोख रक्कम वाया जाईल, असा या व्यवस्थेचा युक्तिवाद होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही तो लंगडा आहे. घरात कोणत्या दिवशी दूध हवे आणि कोणत्या दिवशी औषध, हे आईइतके कोणत्याही कचेरीला कळत नाही. शिवाय जो अधिकारी मूल नेऊ शकतो, त्याच्याकडे आजारी मूल घेऊन जाण्यास कोणती आई धजावेल? अविश्वासाची किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ती बालकांच्या प्रकृतीत दिसते.

१९५४ ते १९५७ या काळात गिब्ज आदिवासी कल्याण मंडळाच्या निर्वाचित सदस्य होत्या. त्या मंडळावर बसलेली ही एकमेव स्त्री. तेथे एका मताने फारसे साधले नाही. परंतु १९६० मध्ये त्यांनी डबो येथे इस्पितळातील आदिवासी रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी वसतिगृह उभे केले. दूरच्या वस्तीतून आलेल्या आप्तांना रुग्णाजवळ राहता यावे, एवढी साधी गरज मंडळाला जाणवली नव्हती; बाईंना जाणवली.

भत्त्यांतील बहुतेक भेदभाव १९५९ मध्ये दूर झाला, मंडळ १९६९ मध्ये बरखास्त झाले आणि १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःचे आरोग्य केंद्र उघडले. १९८३ साली गिब्ज निवर्तल्या. मुले हिरावल्याबद्दल राष्ट्राने संसदेत क्षमा मागितली ती २००८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

क्षमेने इतिहासाचे ओझे हलके होईल. बाळाचे वजन त्याने वाढत नाही. त्यासाठी साधने हवीत आणि त्या साधनांवर मातेचा अधिकार हवा. कल्याणाची कोणतीही योजना याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.